चांदीच्या मातीतला खडा भट्टीत टिकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटल क्ले, म्हणजे धातूची माती, ज्यांनी नुकती हातात घेतली आहे त्यांना पहिला मोह खड्याचा होतो. माती ओली असतानाच खडा दाबून बसवता येतो. कोंदण घडवायला नको, झाळायला नको, आणि भट्टीतून दागिना खड्यासकट तयार होऊन बाहेर येतो. येतोही, पण खडा कोणता होता त्यावर. पुढचे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले जातात. त्यातले निम्मे मी स्वतः खडे फोडून शिकले आहे.

भट्टीत खड्याचं नेमकं काय होतं?

आधी मातीचं काय होतं ते बघू. चांदीच्या मातीत चांदीची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा सेंद्रिय बंधक आणि पाणी असतं. तापवताना पाणी उडून जातं आणि बंधक जळतो. मग चांदीचे कण न वितळताच एकमेकांना चिकटत जातात आणि भरीव धातू तयार होतो. शुद्ध चांदी सुमारे 962 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे भट्टी त्याच्या खालीच ठेवतात. कमी तापमानाच्या माती 600 ते 650 अंशांना भाजता येतात, पण जास्त मजबुती हवी असेल तर 800-900 अंशांपर्यंत जावं लागतं.

खड्याला हे सगळं मुकाट्याने सोसावं लागतं. त्याच्यावर संकटं चार बाजूंनी येतात. रंग उडू शकतो किंवा बदलू शकतो. आतल्या पाण्याची वाफ होऊन तडा जाऊ शकतो. खनिजाचंच रासायनिक विघटन होऊ शकतं. आणि तापमान झपाट्याने बदललं तर एकच भाग आधी फुगून किंवा आक्रसून खडा फुटू शकतो. बाजूने माती आवळत असते ती वेगळीच.

खडा जितका कठीण तितका टिकाऊ, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोहच्या मापावरचा आकडा ओरखडे सोसण्याबद्दल बोलतो, उष्णतेबद्दल नाही. हिरा 10 वर आहे, पण तो कार्बन आहे, आणि उघड्या हवेत 700-800 अंशांच्या आसपास त्याचा पृष्ठभाग जळू लागतो. बाहेर येतो तो दुधी, धुरकट होऊन. उलट त्याच्या खालचे काही खडे खुशाल टिकतात.

मी विचार करते तो खड्याच्या जन्माचा. जो खडा भट्टीपेक्षा कितीतरी तापलेल्या आगीत, पाण्याशिवाय तयार झाला, त्याला आपली 650 अंशांची भट्टी म्हणजे कोवळं ऊन. जो जमिनीत पाण्याच्या संगतीने वाढला, ज्याच्या पोटात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेत, त्याची खात्री नाही. आणि जो एखाद्या जिवाने घडवला, उदाहरणार्थ मोती, त्याचं नाव भट्टीजवळ काढूच नये.

मग निर्धास्तपणे कोणते खडे घालावेत?

तीन. पहिला क्युबिक झिरकोनिया, ज्याला आपण 'अमेरिकन डायमंड' म्हणतो. नाव अमेरिकन असलं तरी आज वापरात असलेली पद्धत 1970च्या दशकात मॉस्कोच्या लेबेडेव्ह भौतिकशास्त्र संस्थेत विकसित झाली. त्या संस्थेच्या रशियन आद्याक्षरांवरून रशियात या खड्याला 'फियानाइट' म्हणतात. झिर्कोनियम ऑक्साइड 2700 अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा आपली भट्टी त्याच्या खिजगणतीत नाही.

दुसरा प्रयोगशाळेत केलेला माणिक किंवा नीलम. दोन्ही कोरंडम, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइड, आणि वितळबिंदू सुमारे 2050 अंश. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हर्नई यांनी 1902 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत ही पूड ज्योतीतून खाली टाकत थेंबाथेंबाने स्फटिक वाढवतात. तिसरा प्रयोगशाळेतला स्पिनेल. तोही 2000 अंशांच्या वर वितळणारा.

रंगीत अमेरिकन डायमंडबद्दल मात्र एक पुस्ती. खडा टिकतो, पण रंग टिकेलच असं नाही. रंगासाठी त्यात वेगवेगळे धातू मिसळलेले असतात आणि काही छटा भट्टीनंतर बदलतात. पांढरा खडा चांदीत सर्वांत बेफिकीर. रंगीत आणलात तर प्रत्येक रंगाचा एकेक खडा आधी भाजून बघा.

झिरकॉन आणि झिरकोनिया एकच ना?

बाजारात दोन्ही नावं सर्रास एकमेकांसाठी वापरतात, आणि म्हणूनच फसगत होते. झिरकॉन हे नैसर्गिक खनिज आहे, झिर्कोनियमचं सिलिकेट. निळा झिरकॉन बहुतेक वेळा तापवूनच निळा केलेला असतो, आणि पुन्हा तापवल्यावर तो कोणत्या रंगाचा होईल याचा भरवसा नाही. विकणाऱ्याला विचारताना 'क्युबिक' हा शब्द सोडू नका.

पाकिटावर 'लॅब' लिहिलंय. एवढं पुरे?

पुरे नाही. 'लॅब अ‍ॅक्वामरीन' म्हणून विकला जाणारा खडा बऱ्याचदा फिकट निळा स्पिनेल असतो, आणि 'लॅब अलेक्झांड्राइट' बऱ्याचदा व्हॅनेडिअम घातलेला कोरंडम. दोन्ही भट्टीला चालतात, म्हणजे इथे चुकीचं नाव आपल्या पथ्यावर पडतं. पण 'लॅब पाचू' कधी पाण्याच्या दाबाखाली वाढवलेला खरा बेरिल, म्हणजे पाचूचंच खनिज, असतो, तर कधी हिरवी काच. पहिल्याच्या स्फटिकात पाणी असतं, आणि दुसरी वितळू लागते. 'लॅब क्वार्ट्झ'ही तसाच पाण्यात वाढवलेला. तेव्हा लॅबपेक्षा 'हे खनिज कोणतं आणि कसं वाढवलं' हा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर खडा भाजून बघा.

खाणीतला माणिक किंवा नीलम चालेल का? आणि पुष्कराज?

खनिज म्हणून चालायला हरकत नाही. बाजारातले बहुतेक नैसर्गिक नीलम रंग खुलवण्यासाठी आपल्या भट्टीपेक्षा फार जास्त तापमानाला आधीच भाजलेले असतात. अडचण आतल्या भेगांची आहे. स्वस्त माणकांच्या भेगांत शिशाची काच भरून त्यांना चकाकी आणलेली असते. ती काच 650 अंशांना मऊ होते, बाहेर झिरपते, आणि राहतो तो भेगाळलेला दगड. दहापट भिंगाखाली असा खडा हळूहळू तिरका करत बघितलात तर भेगेच्या पातळीवर निळसर-जांभळी चमक दिसते, क्वचित चपटे बुडबुडेही. दिसले की तो खडा भट्टीत घालू नका.

पुष्कराजाची भानगड नावाची आहे. आपल्याकडे पिवळ्या नीलमलाही पुष्कराज म्हणतात आणि टोपाझलाही. पहिला कोरंडम, दुसरा पूर्ण वेगळं खनिज. पिवळा नीलम असेल तर खडा टिकतो, पण रंगाची हमी मी देणार नाही. टोपाझचं पुढे सांगते.

अ‍ॅमेथिस्ट, सिट्रीन, गुलाबी स्फटिक?

माझा पहिला मोठा अपघात अ‍ॅमेथिस्टचाच. पानाच्या आकाराचं लटकन, मधोमध 6 मिलिमीटरचा गडद जांभळा खडा. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा चांदी छान पांढरीशुभ्र झालेली, आणि मध्ये साखरेच्या खड्यासारखं काहीतरी बसलेलं. जांभळा रंग गेला होता, आत दुधी धुकं होतं, आणि टेबलापासून, म्हणजे खड्याच्या वरच्या सपाट पैलूपासून, कडेपर्यंत केसासारखी एक भेग. विकणाऱ्याने 'उष्णतेला चालतो' असं छातीठोक सांगितलं होतं. खोटंही नव्हतं म्हणा, झाळताना दोन मिनिटं सोसेल इतपत.

झालं काय? अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग लोहाच्या अंशामुळे आणि नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे आलेला असतो. 400-500 अंशांना तो उडतो, आणि खडा पिवळा किंवा रंगहीन होतो. बाजारातलं पुष्कळसं सिट्रीन म्हणजे असं भाजलेलं अ‍ॅमेथिस्टच. धुरकट स्फटिकाचा रंग त्याहून कमी तापमानाला जातो. गुलाबीचाही भरवसा नाही.

रंग गेला तर गेला, पण क्वार्ट्झला आणखी एक खोड आहे. 573 अंशांना त्याची आतली रचना एका क्षणात बदलते आणि आकारमान किंचित उडी मारतं. थंड होताना त्याच तापमानाला उलटी उडी. कमीत कमी तापमानाची चांदीची मातीसुद्धा या रेषेच्या वरच भाजली जाते, म्हणजे क्वार्ट्झला ही उडी दोनदा मारावीच लागते. निर्मळ, छोटा खडा हळू तापवला तर निभावतोही. पण आत पाण्याचे थेंब असले तर संपलं.

मोती, पोवळं, अंबर, ओपल, फिरोजा, मॅलाकाइट?

यातलं काहीही भट्टीत घालू नका. मोत्यातला आणि पोवळ्यातला सेंद्रिय भाग जळतो. अंबर तर झाडाची अश्मीभूत राळ, चक्क पेटतं. ओपलमध्ये पाणी असतं, ते निघताना खडा तडकतो. फिरोजा तपकिरी पडून ठिसूळ होतो. मॅलाकाइट हे तांब्याचं कार्बोनेट, त्याचं काळं कॉपर ऑक्साइड होतं.

गार्नेट, पेरिडॉट, मूनस्टोन यांचं काय?

हे मधल्या रांगेतले. 600-650 अंशांच्या मातीत, हळू तापवून, हळू थंड करून, लहान आणि स्वच्छ खडे बरेचदा टिकतात. गार्नेट हे एक खनिज नाही, कुटुंब आहे, त्यामुळे एका दुकानातला टिकला म्हणून दुसऱ्या दुकानातला टिकेल असं नाही. गोमेदही त्याच कुटुंबातला. मी अशा खड्यांसाठी एक नियम पाळते. एकाच लॉटमधले तीन आणायचे, एक भाजायचा, एक तुलनेला ठेवायचा, आणि तिसरा दागिन्यात.

निळा टोपाझ, अ‍ॅक्वामरीन, टांझानाइट, पाचू?

टोपाझचा गडद निळा रंग किरणांचा मारा करून आणि मग तापवून आणलेला असतो. पुन्हा भट्टीत गेला की तो फिका पडतो किंवा साफ जातो. 'मिस्टिक' वगैरे इंद्रधनुषी टोपाझवर नुसता पातळ लेप असतो, तोही खराब होतो. अ‍ॅक्वामरीन 400-450 अंशांना तापवून हिरवट छटा घालवतात. आपण त्याच्या बरेच पुढे जातो. टांझानाइटचा निळा रंग उष्णतेनेच येतो, पण तापमानाच्या झटक्याला तो फार नाजूक. पाचूत भेगा जवळपास असतातच, आणि त्या तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात. चारही नंतर बसवा.

हिरा भाजायचाच असेल तर?

नको. खोट्या हिऱ्याने काम होत असताना खरा धुरकट का करायचा? नंतर बसवा, कोंदण तयार ठेवा.

माती आक्रसते, खडा आक्रसत नाही. मग माती फाटत कशी नाही?

कधीकधी फाटते. हा प्रश्न जितक्या बारकाईने समजून घ्याल तितके खडे वाचतील.

चांदीची माती ब्रँडप्रमाणे साधारण 8 ते 12 टक्के आक्रसते. 3 मिलिमीटरचं भोक 10 टक्क्यांनी आक्रसलं तर 2.7 मिलिमीटरचं होईल. पण आत 3 मिलिमीटरचा खडा ठाण मांडून बसलेला. माती त्याच्याभोवती आवळत येते आणि खड्याची कड, जिला गर्डल म्हणतात, पकडून ठेवते. हीच पकड म्हणजे आपलं कोंदण. भिंत जाड असेल तर ताण पसरतो. बारीक असेल तर तिथेच चिरते.

पुढचा भाग थंड होतानाचा. चांदी कोरंडमच्या दुपटीहून जास्त प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावते. 650 अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना 5 मिलिमीटरचं चांदीचं भोक सुमारे 0.06 मिलिमीटरने लहान होऊ बघतं, तर तेवढाच माणिक जेमतेम 0.025 ने. फरक केसाहून कमी, पण तेवढ्याने पकड घट्ट होते. खडा जितका मोठा तितका हा फरक मोठा, म्हणून 8-10 मिलिमीटरचे खडे थेट मातीत बसवायला मी कचरते.

माझी बसवण्याची पद्धत अशी. मातीचा पत्रा निदान खड्याच्या उंचीइतका जाड. सुकलेल्या मातीत आधी बारीक ड्रिलने आरपार भोक, मग खड्याच्या मापाच्या गोल बरने, म्हणजे कोरायच्या दातेरी टोकाने, वरून वाटीसारखा खळगा. बर बोटांत धरून फिरवायचा, मोटर नको, नाहीतर कोरडी माती बिस्किटासारखी तुटते. खडा खळग्यात ठेवला की गर्डल पृष्ठभागाच्या किंचित खाली जायला हवा, अर्धा मिलिमीटर तरी. बोटाच्या टोकाने फिरवून बघितलं तर खडा लागला पाहिजे, पण त्याची कड टोचता कामा नये. कडेला आणि दोन खड्यांच्या मध्ये मी दीड-दोन मिलिमीटर माती सोडते.

खालचं आरपार भोक बुजवू नका. तिथून उजेड येतो, मागून खडा धुता येतो, आणि काही बिघडलं तर खडा मागून ढकलून काढता येतो.

भाजल्यावर खड्यावर पांढुरके डाग दिसतात. खडा खराब झाला?

बहुतेक वेळा नाही. बसवताना खड्यावर मातीचा अगदी पातळ थर राहिला, भाजल्यावर त्याची चांदी झाली. भाजण्यापूर्वी कापसाच्या काडीला स्पिरिट लावून खडा पुसायचा, मग भिंगाखाली बघून पुन्हा पुसायचा, एवढाच उपाय. राहून गेलंच तर झिरकोनियावरचा किंवा कोरंडमवरचा डाग शिवणाच्या सुईने खरवडता येतो, कारण पोलाद या खड्यांहून मऊ आहे. मऊ खड्यावर हे करू नका.

तापवायचं किती वेगाने, आणि थंड कसं करायचं?

माती आधी पूर्ण कोरडी हवी. आरशावर ठेवून उचलल्यावर आरशावर वाफ दिसली तर ओल आहे. प्रयोगशाळेतल्या खड्यांसाठी भट्टी नेहमीच्या वेगाने चढवली तरी चालते. नैसर्गिक खड्यांसाठी मी दोन तास तरी घेते.

थंड करताना घाई कोणाचीच चालत नाही, अमेरिकन डायमंडचीसुद्धा. खडा बसवलेला दागिना गरम असताना पाण्यात कधीही टाकायचा नाही. भट्टी बंद करा, दार लावलेलंच राहू द्या, आणि आकडा 100 च्या खाली उतरेपर्यंत दुसरं काहीतरी करा. किलकिल्या दारातून डोकावणाऱ्यांचे खडे फुटलेले मी पाहिले आहेत.

भट्टी नाही. टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने, भाजलं तर?

लहान पांढऱ्या झिरकोनियाला चालतं. ज्योत चांदीवर फिरती ठेवा, खड्यावर रोखून धरू नका, आणि तुकडा विटेवरच गार होऊ द्या. नैसर्गिक खडा टॉर्चखाली नको. हाताने तापमान असं सांभाळता येत नाही.

तांब्याच्या किंवा ब्राँझच्या मातीत हेच नियम?

नाहीत. हे धातू हवेत भाजले तर काळे पडून पापुद्रे धरतात, म्हणून त्यांना पेटीत, सक्रिय कोळशात पुरून भाजतात. तापमान 800 च्या पुढे आणि वेळ तासांत. कोळशामुळे आत ऑक्सिजन उरत नाही आणि ज्या खड्यांचा रंग ऑक्सिजनच्या प्रमाणावर अवलंबून असतो त्यांचा रंग पालटतो. चांदीत स्वच्छ राहणारा पांढरा झिरकोनिया इथे पिवळट किंवा काळपट निघू शकतो. शिवाय काही ब्राँझ माती 20 टक्क्यांच्या आसपास आक्रसतात, त्यात खडा बाहेर ढकलला जातो किंवा भिंत फाटते. इथे थेट बसवायचंच तर लॅबचा कोरंडम, आणि तोही आधी कोळशातच चाचणी करून. उघड्या भट्टीत केलेली चाचणी या कामाला उपयोगी नाही.

चाचणी करायची कशी?

खडा एकटाच, भट्टीत चालणाऱ्या उष्णतारोधक फायबरच्या तुकड्यावर ठेवून, दागिना ज्या वेळापत्रकाने भाजणार त्याच वेळापत्रकाने भाजा. तापमान तेच, थांबण्याची वेळ तीच. नंतर न भाजलेल्या जोडीदाराशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात बघा, मग भिंगाखाली. चाचणीत फुटला तर विषय संपला. टिकला तरी मातीची आवळण अजून सोसायची आहे हे धरून चाला. आणि वहीत लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी 'हा लाल कोणता होता?' हे कोणालाच आठवत नाही.

भट्टीत न टिकणारा खडा आवडलाय. काय करू?

शुद्ध चांदीच्या पट्टीचं कोंदण मातीत रोवून भाजा आणि खडा नंतर थंड बसवा. पट्टी 925 ची, म्हणजे तांबं मिसळलेल्या स्टर्लिंग चांदीची, घेऊ नका. तिच्यातलं तांबं भट्टीत काळं पडतं आणि पट्टी ठिसूळ होते. माती आक्रसताना पट्टीला आत ओढते, म्हणून भाजताना आत खड्याच्या मापाची भट्टीला चालणारी गुटी, म्हणजे छोटा भरीव ठोकळा, ठेवा. गोल मापाला तेवढाच स्वस्त झिरकोनियाही चालतो, फक्त तो नंतर मागच्या भोकातून ढकलून काढावा लागतो.

पॉलिश करताना खड्याला काही होईल?

पोलादी छऱ्यांच्या ड्रममध्ये झिरकोनिया, कोरंडम आणि स्पिनेल बिनधास्त फिरवा. मूनस्टोन किंवा पेरिडॉट असेल तर हातानेच घासा. गंधकाच्या द्रावणाने चांदी काळी करायची असेल तर द्रावण कोमट ठेवा. उकळत्या द्रावणातून काढून थंड पाण्यात बुडवलेला गार्नेट भट्टीतून वाचूनही शेवटी वाटीत तडकलेला मला ठाऊक आहे. तो माझाच होता.